प्यायला चौघं, सोडायला एकटा?

मराठीत दारू पिण्यासाठी एक साधं क्रियापद आहे: बसणं. ‘आज बसायचं का?’ एवढं विचारलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. कुठे, कोणाकोणाबरोबर, कोणाच्या खर्चाने, हे ठरवायचं राहतं. काय प्यायचं ते धरलेलंच असतं. या एका शब्दात पिण्याचं मूळ सापडतं. पहिला पेला माणूस सहसा एकट्याने उचलत नाही. कोणीतरी तो पुढे करतं, बाकीचे ‘घे रे’ म्हणतात, आणि पुढे अंधाऱ्या खोलीत एकटाच पीत बसणारा माणूससुद्धा कधीतरी अशाच चौघांत बसलेला असतो.

सोडायची वेळ आली की आपली भाषा बदलते. मनावर घे. निर्धार कर. मुलांच्या तोंडाकडे बघ. आईची शपथ घे. सगळी वाक्यं एकट्याला उद्देशून. पिताना त्याच्याभोवती माणसं होती, सोडताना मात्र आपण त्याला त्याच्या मनोबलावर सोडून देतो. ते कमी पडलं की म्हणतो, याच्यात दमच नाही.

माझं म्हणणं असं आहे. व्यसन सोडायचा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो, तो घरच्यांना त्याच्या वतीने घेता येत नाही. पण घेतलेला निर्णय निभावायला शेजारी माणूस लागतो, आणि तो त्याच वाटेने गेलेला असावा लागतो. महाराष्ट्रात आपण सगळी भिस्त ‘भरती करण्या’वर ठेवली आणि या शेजारच्या माणसाची सोय करायला विसरलो. ही चूक आपल्याला फार महागात पडते आहे.

हे मी घरात शिकले. माझ्या थोरल्या भावाला आम्ही तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिसऱ्या वेळी रात्री जीप आली, चौघांनी त्याला उचलून नेलं. त्या वेळच्या कागदांवर वडिलांच्या खाली माझी सही आहे. ती मला आजही टोचते. तिन्ही वेळा दादा सुधारून आला. चेहरा भरलेला, हात स्थिर, बोलणं नीट. वहिनीने शिरा केला, शेजारपाजारचे भेटून गेले. आणि तिन्ही वेळा महिना-दोन महिन्यांत संध्याकाळी सातला भाजी आणायला गेलेला दादा रात्री दहाला भिंत धरत धरत घरी आला.

केंद्रात दिवसाचा तास न् तास बांधलेला असतो. घरी आल्यावर दिवस कसाबसा निघतो. खरी कसोटी संध्याकाळी सहा ते आठची. कामावरून सुटायची, नाक्यावर उभं राहायची, ‘बसायचं का’ विचारलं जायची ती वेळ. त्या दोन तासांत काय करायचं, हे तिन्ही वेळा आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. औषधाच्या गोळ्या कधी द्यायच्या, हे मात्र आम्हाला पाठ होतं.

चौथ्यांदा त्याला कोणी नेलं नाही. तो स्वतः सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलं, आणि तिथे त्याला भेटायला एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले. अकरा वर्षं न प्यायलेले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी उपदेश केला नाही. ड्युटी संपल्यावर आपण डेपोत बाटली कुठे कुठे लपवायचो, ते सांगत बसले. दादा हसला. कित्येक महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. पुढचे तीन महिने अण्णा रोज साडेसहाला आमच्या दारात उभे असायचे. ‘चक्कर मारायला निघालोय, येतोस का?’ एवढंच विचारायचे. गुरुवारी आणि रविवारी ती चक्कर शाळेच्या एका वर्गखोलीत संपायची. तिथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग असे.

अण्णा स्वतःसाठीही येत होते, हे मला फार उशिरा कळलं. या चळवळीचा जन्मच तसा झाला आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात गेला होता. काम फिसकटलं. त्याने दारू सोडून पाचेक महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि गावातल्या चर्चवाल्यांना फोन लावत सुटला. बोलायला आपल्यासारखाच दारूने पिडलेला एखादा माणूस मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्यातून त्याची गाठ रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. पंधरा मिनिटांपुरता भेटायला कबूल झालेला तो डॉक्टर तासन् तास बसून राहिला. त्याला दारूचे दुष्परिणाम सांगायची गरज नव्हती, ते त्याने इतरांना शिकवले असते. त्याला पहिल्यांदाच भेटला तो आपली लाज ओळखणारा माणूस. १० जून १९३५ रोजी डॉक्टरने शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हाच दिवस आपला जन्मदिवस मानते. त्या संध्याकाळी बिल विल्सन दुसऱ्याला वाचवायला निघाला नव्हता, स्वतः बारकडे जाऊ नये म्हणून फोन करत होता. फ्रँक रिसमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली यावर नेमकं बोट ठेवलं: अशा मंडळींत मदत घेणाऱ्याइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, लाभ मदत करणाऱ्याला होतो.

१९५७ च्या सुमारास ही चळवळ दिल्ली-मुंबईत पोचली. आज महाराष्ट्रात शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्यांच्या ओसरीवर हे गट भरतात. आत गेलं की दिसतं ते अगदी साधं. गोल मांडलेल्या खुर्च्या, स्टीलची किटली, तास-दीड तास. ज्याला बोलायचं तो बोलतो, आडनाव सांगायची गरज नसते. मधे कोणी तोडत नाही, कोणी सल्ला देत नाही. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा उच्चारलं जायचं. घरच्यांनाही बसता येतं अशा खुल्या मीटिंगला मी बसले आहे, तिथे ते एकदाही ऐकलं नाही.

हा गट जे देतो ते घर आणि डॉक्टर दोघांनाही देता येत नाही, याचं कारण मला असं दिसतं. घरच्यांचं प्रेम असतं, पण प्रत्येक वाक्याखाली जुना हिशेब असतो: मोडलेलं मंगळसूत्र, बुडालेली फी, चारचौघांत झालेली शोभा. आमच्या डोळ्यांत तो हिशेब दादाला रोज दिसायचा. डॉक्टरकडे ज्ञान असतं, पण वेळ नसतो, आणि त्यांना फसवणं सोपं असतं. ‘जुन्या मित्राचं लग्न आहे, जाऊन नुसता तोंड दाखवून येतो’ या वाक्यावर वहिनीचा विश्वास बसला असता, डॉक्टरांचाही. अण्णा म्हणाले, ‘लग्न कितीला लागतंय? मी पण येतो.’ ते वाक्य त्यांनी स्वतः कितीदा वापरलं असेल, त्यांनाच ठाऊक. शिवाय पाच दिवस न प्यायलेल्याच्या शेजारी पाच वर्षं न प्यायलेला बसतो, तेव्हा पुढचा रस्ता डोळ्यांनी दिसतो. पाच वर्षांचा माणूस शेजारच्याचे थरथरणारे हात बघतो, तेव्हा मागचा रस्ताही विसरता येत नाही.

‘हे सगळं भावनिक आहे, शास्त्र काय म्हणतं?’ असं विचारणारे असतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं. उपचारपद्धतींच्या काटेकोर आढाव्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० साली सत्तावीस अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसकडे पद्धतशीरपणे वळवलेल्यांपैकी वर्षभराने शंभरात साधारण बेचाळीस जण पूर्ण कोरडे होते. इतर प्रस्थापित मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण पस्तीसच्या आसपास होतं. फरक डोळे दिपवणारा नाही. पण एका बाजूला प्रशिक्षित तज्ज्ञाचे तास आहेत आणि दुसऱ्या बाजूला कोणी फी मागत नाही असा गट, हे लक्षात घेतलं की तो फरक फार मोठा होतो. शंभरातले उरलेले अठ्ठावन्नही विसरता कामा नयेत. हा रामबाण नाही.

अमेरिकेतच २००१-०२ मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत आधी कधीतरी दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाने कुठलाही उपचार घेतला होता, आणि त्याहून पुष्कळ जास्त लोक त्या अवस्थेतून बाहेर आलेले होते. म्हणजे स्वतःहून सोडणारे खूप आहेत. यावरून ‘बघा, कोणाची गरज नाही’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण कशाच्या आधाराने ते बाहेर आले, हे पाहावं लागतं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शंभरात पाचेकच पुन्हा व्यसनात अडकले. युद्ध मागे पडलं, हेरॉइन सहज मिळेनासं झालं, ती ओढणारी मंडळी पांगली, भोवतालची माणसं बदलली. आमच्या दादाचा नाका घरापासून तीनशे पावलांवर आहे. तो उठून जाणार नाही, त्यावरचे मित्रही जाणार नाहीत. गाव बदलता येत नसेल, तर त्याच गावात बसायला दुसरी माणसं लागतात.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही, आणि इथे मला थोडं रेंगाळावंसं वाटतं. वारकरी संप्रदायाने कित्येक पिढ्या हेच केलं. ‘त्याने माळ घातली’ म्हटलं की दारू आणि मटण सुटलं, हे गावात वेगळं सांगावं लागत नाही. माळ घालण्याचा निर्णय त्या माणसाचा असतो, पण ती घातली जाते चार माणसांसमोर. त्यानंतर त्याच्या संध्याकाळी रिकाम्या राहत नाहीत. देवळात हरिपाठ असतो, पंधरवड्याला एकादशी, वर्षातून एकदा दिंडी. दिंडीत पुढचा-मागचा सगळ्यांना माउली म्हणतो, आणि वयाने मोठा माणूसही लहानाच्या पाया पडतो. गळ्यातली माळ दिसत असल्याने नाक्यावरचे मित्रही आग्रह करत नाहीत. नव्या भाषेत ज्याला आधारगट म्हणतात, त्याची यातली बरीच अंगं आपल्या गावांत तयार होती.

पण एक अंग नव्हतं. माळ घातलेला माणूस पुन्हा प्यायला, तर तो माळ काढून देव्हाऱ्यात ठेवतो आणि देवळाकडे फिरकत नाही. व्रत मोडलं. पुन्हा त्या टाळकऱ्यांत उभं राहायला त्याला तोंड उरत नाही. ज्या रात्री त्याला त्या माणसांची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच रात्री दार बंद होतं. ते कोणी बंद केलं नसलं, तरी लाजेने होतं. मीटिंगमध्ये मी उलटं पाहिलं. आठ महिने कोरडा राहिलेला एक जण घसरला, दहा दिवस गायब होता, मग आला. शेवटच्या रांगेत बसून म्हणाला, ‘आज माझा पहिला दिवस.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतुक घसरण्याचं नव्हतं, दार उघडून आत येण्याचं होतं. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. मोडलेलं व्रत पुन्हा धरायची वाट जिथे नसते, तिथे एकदा पडलेला माणूस पडूनच राहतो.

आता गटांच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हा लोकांनाही खडसावून सांगायला हवं असं काही. सकाळपासून रोज पिणाऱ्या माणसाने केवळ निर्धाराच्या जोरावर एका दिवसात दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. आकडी येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, ताप चढतो, माणूस दगावू शकतो. गावाकडे याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि अंगारा लावत बसतात. ते आठ-दहा दिवस डॉक्टरांचेच आहेत, तिथे कुठलाही गट कामाचा नाही. गर्दची, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची, गोष्ट वेगळी: टर्की, म्हणजे ती बंद केल्यावर होणारा त्रास, हाल हाल करते, पण खरा धोका नंतर असतो. शरीराची सवय तुटलेली असते, आणि महिन्याभराने जुन्याच मात्रेत घेतलेली गर्द श्वास थांबवते. अशांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं प्राण वाचवतात. गटातला एखादा जुनाजाणता ‘गोळी खातोस म्हणजे सुटला नाहीस’ असं म्हणतो, तेव्हा तो अनुभवाच्या नावाखाली माणूस मारायला निघालेला असतो. कोणाही सदस्याने डॉक्टर होऊ नये, असं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं स्वतःचंच सांगणं आहे. ते प्रत्येक खोलीत पाळलं जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. दादाला जिथे तिसऱ्यांदा ठेवलं होतं, तिथे त्याला मारणारे कोण होते? तिथलेच जुने पेशंट. बाहेर जायला जागा नाही म्हणून राहण्या-जेवणावर राबणारे, आणि नव्याला ‘सरळ’ करण्यासाठी हातात काठी मिळालेले. तेही त्याच वाटेने आलेले होते. सारखा अनुभव असला की आपोआप माया येते, असं नाही. ज्याला उठून जाता येतं त्याच्याशीच बरोबरीचं नातं होऊ शकतं. दाराला कुलूप लागलं की त्याच माणसाचा मुकादम होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आपल्या कक्षेत आणले, रुग्णाच्या संमतीला किंमत दिली. तरी रात्रीच्या जीपा थांबलेल्या नाहीत. त्या थांबवणं ही सरकारइतकीच आम्हा सह्या करणाऱ्यांची जबाबदारी आहे.

याउलटचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा शहरात गर्दचा विळखा पडलेला होता. बरे झालेले तिथले रुग्णच पुढे समुपदेशक आणि कार्यकर्ते म्हणून उभे राहिले. बायकांसाठी सहचरी गट निघाला, कारण नवऱ्याच्या व्यसनात तीही होरपळलेली असते आणि तिलाही तिच्यासारखीशीच बोलायचं असतं. हे सगळं जवळपास चाळीस वर्षं डोळ्यांसमोर असताना आपल्या जिल्ह्या-तालुक्यांनी त्यातून इतकं कमी का उचललं, हा प्रश्न मला छळतो.

गरज किती आहे? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूमुळे मदतीची गरज असलेले सुमारे पावणेसहा कोटी लोक भारतात आहेत. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी अडतिसांतल्या एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. एवढे मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत आणि लवकर होणारही नाहीत. सोडलेली माणसं मात्र प्रत्येक तालुक्यात आहेत.

महाराष्ट्र दारूवरच्या शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून जास्त मिळवतो. त्यातून मी गटांसाठी पैसे मागत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस बाहेरून पैसा घेतच नाही, वर्गणीची थाळी फिरते त्यातच चहा आणि भाडं भागतं. मागते ती खोली. ग्रामपंचायतीचं सभागृह, नगरपालिकेची शाळा, उपकेंद्राची ओसरी: आठवड्यातून दोन संध्याकाळी, नाममात्र भाड्याने, आणि किल्ली शिपायाच्या मर्जीवर अवलंबून नसावी. दादाची मीटिंग आजवर चार वेळा हलली आहे, दर वेळी ‘दारुडे शाळेत नकोत’ म्हणून. दुसरं मागणं सरकारी व्यसनमुक्ती विभागांकडे: रुग्णाला घरी सोडताना कागदावर गोळ्यांच्या खाली एका माणसाचं नाव लिहा. रुग्णाची संमती घेऊन त्या माणसाला दवाखान्यातच बोलवा, ओळख करून द्या. तिसरं, जिथे बरे झालेले लोक केंद्रांत काम करतात तिथे त्यांना प्रशिक्षण आणि पगार मिळायला हवा. ज्याचा संसार दारूने बुडाला त्याला सेवेच्या नावाखाली फुकट राबवणं अन्याय आहे, आणि तोच अन्याय पुढे काठीच्या रूपाने नव्या रुग्णावर उतरतो.

बाई व्यसनात असेल तर यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नाही. वर्गखोलीत गोल बसलेल्या बारा पुरुषांत तेरावी खुर्ची ओढायला आपल्या गावात किती बायकांना जमेल? दारू असो, झोपेच्या गोळ्या असोत की दिवसभराची मिश्री, तिचं व्यसन घराच्या आतच राहतं, आणि सोडण्याची धडपडही. ज्या गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तिथे त्याच बायकांच्या संघटना आहेत, बचतगट आहेत, बसायची सवय आहे. तिथे बाईच्या व्यसनाविषयी बोलायला जागा करणं ही मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात निकडीची गोष्ट वाटते. खेड्यात नाव गुप्त राहत नाही, हेही खरं. आठशे वस्तीच्या गावात कोण कुठल्या खोलीत शिरलं हे दुसऱ्या सकाळी सगळ्यांना माहीत असतं. म्हणून दादाच्या गटातले काही जण मुद्दाम शेजारच्या तालुक्यातल्या मीटिंगला जातात, एसटीने, तासभर प्रवास करून. त्यांना तेवढा खर्च झेपतो. रोजगारावरच्या बाईला झेपणार नाही.

दादाला न पिता या आषाढात सहा वर्षं झाली. अण्णांचे गुडघे गेले, ते आता चक्करीला येत नाहीत. साडेसहाला दादाच त्यांच्याकडे जातो, आणि तिथून पुढे ज्या घरी नवा माणूस असेल तिथे. रात्री जेवताना फोन वाजला की तो उठून ओट्यावर जातो. कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास. वहिनी काही विचारत नाही. ताटावर ताट झाकून ठेवते.